फक्कीच्या दोन रेघा

घाटघरच्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची चौदा मुलं होती आणि त्यांच्यातलं एकही सरळ रेषेत पळत नव्हतं. भरत सरांना हे पहिल्या अर्ध्या तासातच कळून चुकलं.

भरत सर घोडेगावचे. एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचे आणि पीएच.डी.साठी अंगणवाडीतल्या मुलांचा पळण्याचा वेग मोजत हिंडायचे. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या चाळीस अंगणवाड्या त्यांनी निवडल्या होत्या. काही खालच्या बागायती गावांतल्या, काही आणे पठारावरच्या, काही अगदी इकडे घाटमाथ्यावरच्या. डोंगरातली मुलं दिवसभर चढउतार करतात, मग ती पळतातही जास्त जोरात का, हे त्यांना बघायचं होतं. जानेवारीतल्या एका मंगळवारी ते मोटारसायकलवरून आले. हात गारठून लाल झाले होते आणि पाठीवरच्या बॅगेत टेप, दोन स्टॉपवॉच, शिट्टी आणि मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी होती.

"ताई, वीस-पंचवीस मीटर सपाट जागा पाहिजे," ते सेविका उज्ज्वलाला म्हणाले.

"सपाट?" उज्ज्वला हसली. "सर, आमच्याकडं सपाट म्हंजे भाताचं खाचर. दुसरं काय न्हाई."

अंगणवाडीच्या खालच्या अंगाला गावातल्या सावळेरामांचं खाचर होतं. भात निघून दोन महिने झाले होते, जमीन वाळून टणक झाली होती. उज्ज्वला आणि मदतनीस रत्ना यांनी मुलांना हाताशी घेऊन पट्टाभर जागेतली धसकटं उपटून काढली. त्यात तास गेला. सरांनी टेप लावून वीस मीटरच्या अंतरावर फक्कीच्या दोन पांढऱ्या रेघा ओढल्या. पहिल्या रेघेवर मूल उभं करायचं, दुसऱ्या रेघेपाशी दोघांनी घड्याळ घेऊन थांबायचं. मुलाला बोलावणाऱ्या माणसानं मात्र त्या रेघेच्याही पाच मीटर पलीकडं उभं राहायचं.

"ते कशाला?" रत्नानं विचारलं.

"एवढी लहान मुलं रेघ दिसली की आधीच हळू होतात. समोर कुणी बोलावणारं असलं की रेघबिघ विसरून पळतात," सर म्हणाले. "मुलं काय रेघेकडं पळत नाहीत, माणसाकडं पळतात."

रत्नानं एक घड्याळ घेतलं, दुसरं सरांकडं. उज्ज्वला पलीकडं जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिली.

पहिला आला शौर्य. शिट्टीसरशी सुटला, निम्म्यावर आला आणि शिट्टी पुन्हा ऐकायची म्हणून परत गेला. दोन बहिणी होत्या, त्या एकमेकींचा हात सोडायला तयार होईनात. शेवटी दोघींची मिळून एकच वेळ निघाली आणि सरांनी ती खोडून टाकली. एक जण रेघ ओलांडून गेला तो थांबलाच नाही, बांध चढून तसाच घरी गेला. रत्ना त्याला आणायला धावली तेव्हा सगळं खाचर हसत होतं. सर चिडले नाहीत. प्रत्येकाला दोन संधी, त्यातली चांगली ती धरायची, असा नियम होता. साडेसहा सेकंद, सात, सहा पूर्णांक दोन. वही हळूहळू भरत गेली.

मग समृद्धीची पाळी आली.

समृद्धी साडेचार वर्षांची. बाप दोन वर्षांपूर्वी घाटात मोटारसायकल घसरून गेला. तिची आई सोनल तेव्हा जेमतेम तेवीसची. तिनं वर्षभर कसंबसं काढलं आणि मग नारायणगावजवळच्या एका रोपवाटिकेत कामाला गेली. तिथं सहा बायका मिळून एका खोलीत राहायच्या, लेकराला जागा नव्हती. म्हणून पोर आजीकडं राहिली. आजी म्हणजे गोजरबाई, सोनलची सासू. तिचे गुडघे गेलेले आणि चार शेळ्या सांभाळायच्या. तेव्हा नावाला आजीकडं, खरी ती उज्ज्वलाकडंच वाढत होती. सकाळी अंगणवाडी, दुपारी अंगणवाडी सुटली की उज्ज्वलाच्या मागं मागं तिच्या घरी. दिवेलागणीला उज्ज्वला तिला गोजरबाईकडं पोचवायची. थंडीच्या दिवसांत जेवता जेवताच पोरीचे डोळे मिटायचे, मग उज्ज्वलाचा नवरा गोकुळ नुसता जाऊन गोजरबाईला सांगून यायचा, "आत्या, आज हिकडंच झोपलीय."

उज्ज्वलाच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. जुन्नरचे डॉक्टर झाले, नारायणगावचे झाले, पुण्याला दोनदा जाऊन आले. मग एक दिवस गोकुळच म्हणाला, "बास आता. तुझं हाल बघवत न्हाईत मला." त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही. गोकुळ पावसाळ्यात नाणेघाटाला येणाऱ्या लोकांसाठी चहाची टपरी लावायचा, एरवी शेती करायचा. उज्ज्वलाला दिवसभर पोरांचाच गराडा. लोक म्हणायचे, तुला काय, तुझी चौदा लेकरं. ती हसायची.

समृद्धी तिला बाकीच्या मुलांसारखीच ताई म्हणायची. एकदाच, मागच्या श्रावणात, तापात बरळताना ती "आई" म्हणाली होती आणि उज्ज्वलानं "ओ" दिली होती. हे तिनं गोकुळलाही सांगितलं नव्हतं.

शिट्टी वाजली. समृद्धीनं पलीकडं उभ्या उज्ज्वलाकडं पाहिलं, छान हसली आणि चालत निघाली. मधे वाकून एक शंख उचलला, गोगलगायीचा, वाळलेला. तो फ्रॉकला पुसला, मग चार पावलं दुडकत आली आणि उज्ज्वलाच्या हातात तो ठेवला.

"अकरा पूर्णांक दोन," सर म्हणाले.

दुसऱ्या वेळी उज्ज्वला खाली बसली, टाळ्या वाजवल्या, "पळ समू, पळ, पळ!" म्हणून ओरडली. बाकीची मुलंही ओरडली. समृद्धीला त्या ओरडण्याचीच गंमत वाटली. ती हसत हसत, इकडं तिकडं बघत आली. नऊ पूर्णांक सहा.

"पायाला काही आहे का हिच्या?" सरांनी हळूच विचारलं.

"न्हाई वो सर!" उज्ज्वलाचा आवाज जरा चढला. "शेळीमागं सुटली तर मला धरवत न्हाई ती. परत घ्या एकदा."

"दोनच संधी असतात, ताई. आणि मला जे दिसलं तेच लिहावं लागतं." मग तिचा चेहरा बघून ते म्हणाले, "पंधरा दिवसांनी मी परत येणारच आहे. सगळ्यांचं दुसऱ्यांदा मोजायचं असतं. तेव्हा बघू."

ते पंधरा दिवस उज्ज्वलानं रोज दुपारी समृद्धीला खाचरात नेलं. फक्की पुसट झाली होती पण दिसत होती. ती पलीकडं उभी राहायची, हातात राजगिऱ्याचा लाडू धरायची. समृद्धी यायची, लाडू घ्यायची, अर्धा उज्ज्वलाला द्यायची. पण चालतच. गोकुळ बांधावर बसून हसायचा.

"तिला न्हाई पळायचं. तू कशापायी जीव काढती?"

"सरांच्या वहीत तिचं नाव शेवटाला राहील."

"राहू दे की. वहीत कोण बघायला जातंय?"

वहीचं काही नव्हतं हे उज्ज्वलालाही ठाऊक होतं. त्या दिवशी पलीकडं उभं असताना एकेक मूल धापा टाकत येऊन तिच्या अंगावर आदळलं होतं. शौर्यच्या डोक्याचा मार तिच्या बरगडीला लागला होता. असंच एकदा समृद्धीनं यावं. वीस मीटर, सगळा जीव एकवटून, दुसरीकडं कुठंही न बघता. एकदाच. मग तिनं तो विचार बाजूला सारला, पण दुसऱ्या दिवशी दुपार झाली की ती पुन्हा लाडू पदराला बांधून खाचरात जायची.

पंधरा दिवसांनी सर आले. रत्ना त्या दिवशी भाचीच्या साखरपुड्याला गेली होती. म्हणून दुसरं घड्याळ उज्ज्वलाच्या हातात आलं. शिट्टी वाजली की दाबायचं, मुलाची छाती रेघेवर आली की पुन्हा दाबायचं. तिनं चार-पाच वेळा करून बघितलं. तीन-चार आया आल्या होत्या, त्या आपापल्या पोराला बोलावत होत्या आणि या खेपेला काम भराभर चाललं होतं.

समृद्धीला रेघेवर उभं केलं तेव्हा सरांनी विचारलं, "हिला कोण बोलावणार?"

"मीच," उज्ज्वला म्हणाली. घड्याळ शौर्यच्या आईच्या हातात द्यायला ती वळलीच होती. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून हाक आली, "ताई!"

सोनल होती. सकाळच्या एसटीनं उतरून, वाटेत घरी डोकावून इकडं आली होती. खांद्याला पिशवी, पायात धूळ. महिन्या-दीड महिन्यातून एकदा ती अशी यायची, पण आज येणार असं कुणाला कळवलं नव्हतं.

सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "तुम्ही हिच्या आई का? बरं झालं आलात. तिथंच उभ्या राहा, तिथूनच बोलवा," ते म्हणाले आणि रेघेकडं वळले. समृद्धी आधीच पुढं वाकली होती. सरांना तिचा खांदा धरून ठेवावा लागला. मग तिथल्या एका आईला तिचा खांदा धरायला सांगून त्यांनी धावत दुसऱ्या रेघेपाशी येऊन शिट्टी फुंकली.

उज्ज्वलानं घड्याळ दाबलं.

समृद्धी पळाली. पहिल्याच झेपेत तिची एक चप्पल मागं पडली. दुसरी तिनं पळता पळता झटकून टाकली. तोंड उघडं, मुठी आवळलेल्या, डोळे फक्त समोर. ढेकळावर एकदा तोल गेला, हात टेकला, पण थांबली नाही. उज्ज्वला रेघेच्या टोकाला उभी होती. समृद्धी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली आणि तिचा श्वास उज्ज्वलाला ऐकू आला. घशातून येणारा, हुंदक्यासारखा. तिनं उज्ज्वलाकडं बघितलंही नाही. पलीकडं सोनलनं पिशवी टाकली, गुडघ्यांवर बसली, आणि पोर तिच्या पोटावर अशी आदळली की दोघी मागं धसकटांत कोसळल्या.

"पाच पूर्णांक चार!" सर ओरडले. "पाच पूर्णांक चार, ताई! आज एवढं कुणीच पळालं नाही. तुमचं किती आलं?"

उज्ज्वलानं हातातल्या घड्याळाकडं पाहिलं. आकडे पळतच होते. चौदा, पंधरा, सोळा.

"दाबायचं राहिलं सर," ती म्हणाली.

"अरेरे." सरांनी डोकं खाजवलं. "दोन्ही घड्याळांची वेळ लागते हो. एकाच घड्याळाची धरता येत नाही. चला, दुसरी संधी आहे अजून."

पण समृद्धी आईच्या गळ्यातून हात काढायला तयार झाली नाही. सरांनी चॉकलेट दाखवलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिनं तोंड सोनलच्या खांद्यात खुपसलं ते वर केलंच नाही. शेवटी सरांनी वहीत पाच पूर्णांक चार लिहिलं, त्याच्याभोवती गोल केला आणि समोर लिहिलं, एकच घड्याळ.

"माझी चूक झाली," उज्ज्वला म्हणाली.

"होतं असं. माझ्याकडूनही झालंय," सर म्हणाले. ते भले माणूस होते. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

सर गेल्यावर सोनल अंगणवाडीच्या पायरीवर बसली. मांडीवर समृद्धी, आईच्या बांगड्या पुढं-मागं सरकवत.

"ताई, खोली मिळाली," सोनल म्हणाली. "मालकांनी रोपवाटिकेच्या मागं पत्र्याची खोली दिली. माझी एकटीची. नळ हाय दाराशी. आता हिला न्यायला आली."

उज्ज्वला भांडी आवरत होती. तिचे हात थांबले नाहीत. "आजच?"

"चारच्या गाडीनं. उद्या कामावर जायचं हाय. झेंडूच्या रोपांची मोठी ऑर्डर हाय." सोनल जरा थांबली. "आत्याबाईंना सांगितलं मघाशी येता येता. त्या काय बोलल्या न्हाईत. ताई, तुमी रागावल्या न्हाई ना?"

"मी कशाला रागवू? तुझी लेक हाय. आईजवळच असाया पायजे लेकरू," उज्ज्वला म्हणाली. मनापासूनच म्हणाली. वर्षभर तिनं सोनलला फोनवर हेच सांगितलं होतं, जागेचं बघ, जागेचं बघ म्हणून.

समृद्धीचे निम्मे कपडे उज्ज्वलाच्या घरी होते. तीन फ्रॉक, एक स्वेटर, गोकुळनं जुन्नरच्या बाजारातून आणलेले बूट. दुपारी उज्ज्वलानं ते सगळं पिशवीत भरलं. तेल लावून वेणी घालायला घेतली. रोज ही वेणी घालताना समृद्धीची बडबड चालायची, आज ती नुसती दाराकडं बघत होती. सोनल बाहेर अंगणात गोकुळशी बोलत होती.

"समू," उज्ज्वलानं वेणी घालता घालता विचारलं, "येक इचारू? मी बोलावलं तवा तू कधी पळत आली न्हाईस ती?"

समृद्धीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. ताई काय विचारतेय हेच तिला कळेना.

"तू कुठं जाती?" ती म्हणाली.

"म्हंजे?"

"तू हितंच असती ना. आई जाती."

उज्ज्वलाच्या हातातले पेड सुटले. तिनं ते पुन्हा धरले, पुन्हा विंचरले. मान वर केली तेव्हा सोनल दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. दोघी बायांनी एकमेकींकडं पाहिलं आणि मग सोनल चेहरा फिरवून अंगणात गेली, तिथं धुणं नव्हतं तरी दोरीपाशी जाऊन उभी राहिली.

चारची एसटी आली. गोजरबाईनं नातीच्या फ्रॉकच्या खिशात दोन मुठी भाजलेले चवळीचे दाणे भरले. समृद्धीला खिडकी मिळाली. गाडी सुटताना ती हात हलवायला विसरली, कारण ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि तिला तो वाजताना आतून पहिल्यांदाच ऐकू येत होता. धूळ खाली बसेपर्यंत उज्ज्वला रस्त्यावर थांबली. गोजरबाई मात्र तिथंच दगडावर बसून राहिली. तिला उठवून घरी न्यायला उज्ज्वलाला परत यावं लागलं.

नंतरच्या दिवसांत काम होतं तसंच चाललं. तेरा मुलं, खिचडी, वजन, उंची, फोनमध्ये रोजची हजेरी. मूल दुसऱ्या गावी गेलं की त्याचं नाव त्या गावच्या अंगणवाडीकडं वळवायचं असतं. फोनमध्ये दोन बटणांचं काम. उज्ज्वलानं ते केलं नाही. रोज सकाळी ती तेरा नावांपुढं खूण करायची आणि चौदाव्यावर गैरहजर लावायची. खोटी हजेरी तिनं एकदाही लावली नाही, पण नावही काढलं नाही. तीन आठवड्यांनी पर्यवेक्षिका मॅडमचा फोन आला.

"उज्ज्वलाताई, ही समृद्धी रोज गैरहजर दिसतेय. आजारी आहे का?"

"न्हाई मॅडम. नारायणगावला गेलीय आईकडं."

"मग नाव वळवा ना तिकडं. पोरीला तिथं खाऊ मिळायचा नाही अशानं."

ते ऐकून उज्ज्वला चपापली. हे तिच्या मनातच आलं नव्हतं. आपण नाव धरून ठेवलंय म्हणजे नुसतं नाव, असंच तिला वाटत होतं. तिनं त्याच संध्याकाळी सोनलला फोन लावला.

"ताई, मीच करणार व्हते तुमाला," सोनल म्हणाली. आवाज थकलेला होता. "ती जातच न्हाई वो अंगणवाडीत. दारापर्यंत जाती, आत डोकावती आणि माघारी फिरती. दिवसभर माझ्यासंगं रोपांत बसती. उन्हाचं शेडनेटखाली लई उकडतं. मालक बोलत न्हाईत, पर किती दिस?" मग थोडं थांबून, "पयल्या आठ दिवसांत मला ताईच म्हणायची. ताई, भूक लागली. ताई, पाणी दे. मंग आठवून आई म्हणायची."

उज्ज्वलानं फोन दुसऱ्या कानाला धरला.

"ताई, येता का एक दिस?"

ती दोन दिवसांची रजा टाकून गेली. सकाळच्या गाडीनं जुन्नर, तिथून नारायणगाव. रोपवाटिकेत शिरल्यावर आधी काही दिसेना. हिरव्या जाळीखाली ट्रेच्या ट्रे, टोमॅटोची, मिरचीची रोपं, बोटाएवढी, हजारो. सोनल ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरत होती. तिच्या बाजूला समृद्धी. तिनं मान वर केली, उज्ज्वलाला पाहिलं आणि पाठ फिरवली.

"समू, ताई आली बघ!" सोनल म्हणाली.

"मला ठावं हाय," समृद्धी पाठ न वळवता म्हणाली.

उज्ज्वला तिच्याशेजारी जमिनीवर बसली. एक ट्रे ओढला आणि भुसा भरायला लागली. चुकीचा भरत होती. मग समृद्धीनं चिडून तिचा हात बाजूला केला. "असं न्हाई. दाबायचं न्हाई जास्त. रोप मरतं." आणि बोटानं खळगा करून दाखवला. तिसऱ्या ट्रेला ती म्हणाली, "तू गाडीत का न्हाई बसली?"

"मला तिकडं काम व्हतं समू."

"मी जागा धरली व्हती. पिशवी ठेवली व्हती."

उज्ज्वलाला आठवेना तशी पिशवी कुठं ठेवलेली होती ते. गाडी सुटली तेव्हा ती रस्त्यावर उभी होती आणि आत पोरगी आपल्यासाठी जागा धरून बसली असेल, हे तिला कसं दिसणार? ती फक्त म्हणाली, "चुकलं माझं." समृद्धीनं मान हलवली, चुकलंच असं. दुपारी ती उज्ज्वलाच्या मांडीवर डोकं टेकून झोपली तेव्हा सोनल जवळच बसून भाकरी खात होती, आणि उज्ज्वलानं पोरीला हळूच उचलून सोनलच्या मांडीवर ठेवलं. समृद्धी झोपेतच वळली आणि आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी अंगणवाडीत गेल्या. तिथल्या सेविकाबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. उज्ज्वला दोन तास मुलांच्या रांगेत मांडी घालून बसली. त्यांच्याबरोबर गाणं म्हणाली, एका पोराचा शेंबूड पुसला. समृद्धी आधी तिला चिकटून होती, मग एका मुलीनं तिच्यापुढं लाकडी ठोकळे ओतले. उज्ज्वला उठली. समृद्धीजवळ वाकून तिला स्पष्ट सांगितलं, "समू, मी आता गाडीनं गावाला चालली. आई दुपारी न्यायला येती. मी आज परत येणार न्हाई." समृद्धीचा ओठ थरथरला. पण तिनं ठोकळा सोडला नाही. दाराबाहेर येऊन उज्ज्वलानं फोन काढला, नाव उघडलं आणि बटण दाबलं. फोननं विचारलं, नक्की का? तिनं पुन्हा दाबलं. आतल्या सेविकाबाईंच्या फोनवर नाव आल्याचं त्यांनी खिडकीतून हात करून सांगितलं.

समृद्धीला तिथं रुळायला महिना लागला. सोनल मधूनमधून फोन करायची. आज रडली नाही. आज डबा संपवला. आज तिथल्या बाईंना चुकून ताई म्हणाली. हे शेवटचं ऐकून उज्ज्वला "बरं झालं" म्हणाली आणि फोन ठेवून पाण्याला गेली.

मे महिन्यात रोपवाटिकेचं काम जरा सैल पडलं तेव्हा सोनल चार दिवसांसाठी पोरीला घेऊन गावी आली. डोंगरात हिरडा गोळा करायचे शेवटचे दिवस होते. पहिले दोन दिवस समृद्धी आजीच्या शेळ्यांत आणि चुलत भावंडांत रमली. उज्ज्वलाच्या घराकडं आली नाही. उज्ज्वलाही गेली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात हिरडा निवडत बसली होती तेव्हा समृद्धी आली. केस मानेपर्यंत कापलेले. सोनलला रोज वेणी घालायला कुठला वेळ? उंच झाली होती.

तिनं उज्ज्वलाला काही विचारलं नाही. सरळ आत गेली, टोपलीवरचं फडकं उचललं आणि म्हणाली, "ताई, भाकर हाय, कालवण कुठाय?"

उज्ज्वलानं वालाची आमटी वाढली. समृद्धी जेवता जेवता सांगत होती. तिकडच्या अंगणवाडीत घसरगुंडी आहे. तिची मैत्रीण आहे, तिच्याकडं पांढरं मांजर आहे. मिरचीच्या रोपाला हात लावून डोळ्याला लावायचा नाही. आई आता तिला सायकल घेणार आहे. उज्ज्वला ऐकत होती. मधे मधे "हां", "मंग?" म्हणत होती. बाहेरून भावंडांनी हाक मारली तशी ती अर्धी चतकोर ताटात ठेवून उठली, फ्रॉकला हात पुसला आणि गेली.

संध्याकाळी गोकुळ आला तेव्हा उज्ज्वला ताटाजवळच बसली होती. हिरडा अंगणात तसाच पसरलेला. त्यानं ताट पाहिलं, त्यातली चतकोर पाहिली.

"आली व्हती का?" त्यानं विचारलं.

"हां. जेवली."

त्यानं बाहेर जाऊन पोतं अंथरलं, खाली बसला आणि हिरडा निवडायला लागला. थोड्या वेळानं उज्ज्वला ताट उचलून मोरीत ठेवून आली आणि त्याच्या समोर बसून तिनंही एक ओंजळ पुढं ओढली.